जॅक्सन स्क्वेअर, न्यू ऑर्लिन्स

१७२१मध्ये फ्रेंच अभियंत्यांनी मिसिसिपीच्या काठी शहर आखले, तेव्हा हा चौक सैन्याच्या कवायतीसाठी मोकळा ठेवला. वस्तीला ‘फ्रेंच क्वार्टर’ म्हणतात खरे, पण १७८८ आणि १७९४च्या आगींत फ्रेंचांची बहुतेक घरे जळाली. आज दिसते ते बरेचसे स्पॅनिश अमलातले आणि त्यानंतरचे.

काबिल्दो, म्हणजे स्पॅनिश अमलातले नगरपरिषदेचे भवन : चौकासमोरच्या कॅथीड्रलकडे तोंड केले की डाव्या हाताला. २० डिसेंबर १८०३ रोजी फ्रान्सने लुईझियाना इथे अमेरिकेच्या हवाली केला. सौदा दीड कोटी डॉलरचा, आणि देश जवळपास दुप्पट झाला! आता इथे संग्रहालय आहे.

लाल विटांच्या दोन चाळवजा इमारती : चौकाची खरी मालकीण म्हणावी अशी बाई म्हणजे बॅरनेस मिकाएला पोंताल्बा. १८३४मध्ये फ्रान्समध्ये सासऱ्याने संपत्तीच्या वादातून तिच्यावर गोळ्या झाडल्या आणि स्वतःचा जीव घेतला. ती वाचली, माहेरच्या गावी परतली आणि १८५१पर्यंत या इमारती उभ्या केल्या. सज्जांच्या लोखंडी जाळीत ‘ए’ आणि ‘पी’ ही अक्षरे शोधा : आल्मोनेस्तर हे माहेर, पोंताल्बा हे सासर.

पुतळा : दोन पायांवर उभा घोडा, वर अँड्र्यू जॅक्सन, १८५६चा. याच जनरलने पुढे राष्ट्राध्यक्ष म्हणून मूलनिवासींना हुसकावणाऱ्या कायद्यावर सही केली.

जाताना : सकाळीच जा. कुंपणाला चित्रे टांगणारे कलाकार तेव्हा निवांत भेटतात. समोरच्या ‘कॅफे दू मोंद’मध्ये चिकोरीची कॉफी आणि पिठीसाखरेत बुडालेले बेन्ये मिळतात, काळे कपडे मात्र टाळा.