‘सांग ना, मी काय करू?’

सकाळी भांडुप स्टेशनवर उभे राहा. गळ्यात आयकार्ड, कानात इअरफोन घातलेली कितीतरी मुलं-मुली ऐरोली, ठाणे, पवईच्या आयटी कंपन्यांकडे पळताना दिसतील. उद्या त्या गर्दीत तुम्हीही असाल आणि पहिल्याच आठवड्यात ‘अजाईल’, ‘स्क्रम’ हे शब्द कानावर पडतील.

त्याआधी एक प्रश्न. तुमच्या शेवटच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये काम कोणी केलं? आमच्या पाच जणांच्या ग्रुपमध्ये स्क्रिप्ट, शूट, एडिटिंग सगळं एकटीने केलं. ती एकटी म्हणजे मी! सबमिशनच्या आदल्या रात्री मला ताप आला आणि फायनल फाइल कुठे आहे, हे बाकी चौघांना माहीतच नव्हतं. तेव्हा मी त्यांच्यावर जाम चिडले होते. आता वाटतं, मी त्यांना काही ठरवूच कुठे दिलं होतं?

सॉफ्टवेअरवाल्यांनाही हेच दुखणं होतं. 2001 मध्ये अमेरिकेतल्या युटामध्ये 17 जणांनी ‘अजाईल जाहीरनामा’ लिहिला. आपली घडी आपणच बसवणारी टीम उत्तम काम करते, हे त्यामागच्या 12 तत्त्वांपैकी एक. 2020 च्या ‘स्क्रम गाइड’नुसार टीम साधारण 10 किंवा कमी जणांची असते आणि कोणी, काय, कधी, कसं करायचं ते टीमच ठरवते. रोज 15 मिनिटं भेटून कामाचा अंदाज घ्यायचा. म्हणजे मोकाट सुटायचं असं नाही हं! आधी कुठलं काम महत्त्वाचं, हे ‘प्रॉडक्ट ओनर’ ठरवतो.

मग ‘स्क्रम मास्टर’ काय करतो? तो बॉस नसतो, कोच असतो. टीमच्या वाटेतले अडथळे दूर करतो. उत्तर माहीत असलं तरी पटकन देत नाही. ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारून गप्प बसतो. सगळ्यात अवघड काम हेच.

हे परदेशी फॅड वाटतंय? मग आपले डबेवाले बघा. 1890 पासून मुंबईत हे काम चाललंय. डबेवाले छोट्या-छोट्या गटांत काम करतात. गटाचा मुकादम अनुभवी असतो, पण तोही डबे उचलतो. लोकल सुटायच्या बेतात असताना ‘वरून’ परवानगी मागायला वेळ कोणाला आहे? एखादा आला नाही, तर त्याचे डबे कोणी घ्यायचे ते गटच बघतो.

तुमच्या पुढच्या प्रोजेक्टमध्ये एवढंच करून बघा. कामं वाटून देऊ नका, भिंतीवर लिहून लावा आणि ज्याला जे जमेल ते त्याला उचलू द्या. रोज 15 मिनिटं उभ्या-उभ्या बोला. फाइल्स सगळ्यांना उघडता येतील अशा ठेवा. आणि ग्रुपमधले ‘हुशार’ तुम्हीच असाल, तर जरा थांबा. दुसऱ्याची पद्धत वेगळी असली, तरी लगेच माऊस हिसकावून घेऊ नका.

मी सध्या हेच शिकतेय. परवा एका मैत्रिणीने विचारलं, ‘सांग ना, मी काय करू?’ उत्तर तोंडावर आलं होतं. गिळलं आणि विचारलं, ‘तुला काय वाटतं?’ पाच मिनिटं ती गप्प होती. मग तिने जे सुचवलं, ते मला सुचलंच नव्हतं.