मोसमकाठी मोझार्ट

‘छाया’ (१९६१) चित्रपटातलं तलत महमूद आणि लताबाईंचं द्वंद्वगीत मोसम नदीकाठच्या मालेगावात यंत्रमाग चालवता चालवता ज्याने कधी गुणगुणलं असेल, त्याने नकळत मोझार्टच गुणगुणला आहे. आणि सिनेमावेड्या मालेगावात असे लोक थोडे नसणार. शेख नासिरने ‘मालेगाव के शोले’ हा चित्रपट घडवला तो याच गावात. सलील चौधरींनी त्या गाण्याचा मुखडा घेतला मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीच्या सुरुवातीवरून. ती सिंफनी व्हिएन्नात २५ जुलै १७८८ रोजी लिहून पूर्ण झाली. तेव्हा ना रेकॉर्ड होती, ना टेप. मग ते स्वर १७३ वर्षं टिकले कसे?

कागदावर! मला पाश्चात्त्य अभिजात संगीतातलं सगळ्यांत मोठं नवल हेच वाटतं.

हजार वर्षांपूर्वी युरोपातही गाणं गुरुमुखातूनच शिकायचं. मठांतल्या प्रार्थना अक्षरांवर बारीक खुणा करून लिहीत. पण त्या खुणांवरून फक्त आधी पाठ असलेली चाल आठवायची. नवी चाल वाचता येत नसे. इटलीतला गिदो हा संन्यासी या प्रकाराला वैतागला होता. दहा वर्षं घासूनही गायक कच्चेच राहतात, अशी त्याची तक्रार. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने आडव्या रेषा आणि त्यांच्यामधल्या जागा यांची पद्धत बसवली. प्रत्येक स्वराला ठरलेलं घर. दोन महत्त्वाच्या रेषा तर रंगीत, एक लाल आणि एक पिवळी, म्हणजे नजर चुकू नये. शिवाय संत जॉनच्या एका स्तोत्रात पहिल्या सहा चरणांची सुरुवात दर वेळी एकेक स्वर वर चढते. त्या चरणांची आद्याक्षरं त्याने स्वरांची नावं म्हणून घेतली: उत, रे, मी, फा, सोल, ला. पुढे ‘उत’चा ‘दो’ झाला. या रीतीने गायक एका, फार तर दोन वर्षांत तयार होतो, असं गिदोने लिहून ठेवलं आहे.

आपल्या संगीताने लिखाणाला दुय्यम ठेवलं आणि ते योग्यच केलं. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड कागदात मावत नाही. युरोपला मात्र लिखाणाने वेगळंच दार उघडून दिलं. सगळ्यांनी एकच चाल गायची गरज उरली नाही. ११९८च्या सुमारास पॅरिसच्या नोत्र दाममध्ये पेरोतँ नावाच्या रचनाकाराने चार आवाजांना एकाच वेळी वेगवेगळ्या चाली दिल्या. मागावर ताण्याचा प्रत्येक धागा वेगळा असतो आणि कापड मात्र एकच निघतं, तसं हे. याच वाटेने पुढे बाख, हायडन, बेथोवन आले आणि डझनावारी वादकांचा वाद्यवृंद उभा राहिला. मोझार्टची ती सिंफनी ऐकताना बघा: चाल सुरू होण्याआधी व्हायोला अस्वस्थपणे थरथरत असतात आणि त्या थरथरीवर व्हायोलिन अलगद उतरतात.

ही विद्या आपल्याकडे आली गोव्यातून. १५१० नंतर पोर्तुगीजांबरोबर ती चर्चमध्ये शिरली आणि चर्चच्या शाळांत गावोगावची पोरं दो-रे-मी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकली. विसाव्या शतकात हेच गोंयकार वादक मुंबईच्या स्टुडिओंत पोचले. संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा. सेबॅस्टियन डिसोझांसारखे अरेंजर त्याभोवतीचे पीस पाच रेषांवर लिहायचे आणि मग ते नोटेशन समोर ठेवून वादकांचा ताफा एकदम वाजवायचा. पडद्यावर यांची नावं क्वचितच झळकली, ही मला हिंदी सिनेमाची मोठी कृतघ्नता वाटते.

त्यांतले एक होते माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, जन्म १९२७. १९५८ साली त्यांनी मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात स्वतःच्या रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतल्या. रागांवर आधारलेल्या, पण पाश्चात्त्य पद्धतीने लिहिलेल्या. गायला लता मंगेशकर आणि मन्ना डे. व्हायोलिन शिकायला त्यांच्याकडे एक मुलगाही यायचा. तो पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतला प्यारेलाल झाला आणि १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ ज्या नावाने गातो, ते प्यारेलालच्या या गुरूचं खरंखुरं नाव आहे.