पॅकेज अवलंबन

एखादे सॉफ्टवेअर पॅकेज चालण्यासाठी दुसऱ्या पॅकेजची जी गरज लागते, तिला पॅकेज अवलंबन म्हणतात. ज्यावाचून मूळ काम होतच नाही, ते सक्तीचे असावे याबद्दल दुमत नाही. मतभेद आहे तो पूरक साधनांविषयी.

डेबियन या लिनक्स वितरणात अवलंबनाच्या तीन मुख्य पायऱ्या आहेत: 'डिपेन्ड्स' (अनिवार्य), 'रेकमेंड्स' (शिफारस) आणि 'सजेस्ट्स' (सूचना). २००९ मधील 'लेनी' आवृत्तीपासून शिफारस केलेली पॅकेजेही आपोआप बसवली जातात. मात्र नको असल्यास ती पुढे काढता येतात. अनिवार्य पॅकेज काढल्यास त्यावर विसंबलेले पॅकेजही निघून जाते. पूरक साधन अनिवार्य ठरवण्याला मुख्य आक्षेप हाच आहे.

देवनागरी टंकाचे उदाहरण बोलके आहे. मजकूर संपादक त्याच्याशिवाय सुरू होतो, इंग्रजीत कामही करतो. पण मराठी वाचकास अक्षरांऐवजी रिकामे चौकोन दिसतात. उलट, पडदा नसलेल्या सर्व्हरवर टंक बहुधा निरुपयोगी असतो. म्हणून डेबियनमध्ये 'टास्क-मराठी-डेस्कटॉप' हे वेगळे पॅकेज असून मराठीसाठी लागणारी साधने ते शिफारशीच्या रूपाने आणते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही प्रणालीदेखील डेबियनवर आधारित आहे.

जागा वाचवण्यासाठी सर्व्हरवर अनेकदा 'नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स' हा पर्याय देऊन शिफारशी वगळल्या जातात. अशा सर्व्हरवर मराठी पीडीएफ तयार करायची असल्यास टंकाचे पॅकेज स्वतंत्रपणे बसवावे लागते.