वेग वाढवला, कॅलरी किती वाढल्या?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दम खात बसलं की हमखास कानावर येणारा प्रश्न: जोरात पळलं तर जास्त कॅलरी जळतात का?

ढोबळ हिशोब सोपा आहे. धावताना दर किलोमीटरला, वजनाच्या दर किलोमागे साधारण १ कॅलरी खर्च होते. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या ५ किमीला सुमारे ३५०. मग तो अर्ध्या तासात पोहोचो वा ४० मिनिटांत.

वेगाचा फायदा वेळेत. अर्ध्या तासात ताशी ८ किमीने २८०, ताशी १० किमीने ३५०.

चालताना मात्र किलोमीटरमागे खर्च कमी, कारण धावताना प्रत्येक पावलाला अख्खं शरीर जमिनीवरून उचलावं लागतं.

म्हणून नवख्यांनो, धापा टाकत १ किमीवर थांबण्यापेक्षा गप्पा मारता येतील अशा वेगाने ४ किमी पळा!