पत्त्यातले सहा आकडे

पिंपळगाव नावाची गावे आपल्याकडे किती तरी! मग पेन्शनचा कागद नेमका आपल्याच गावी कसा यावा? यासाठी १५ ऑगस्ट १९७२ पासून टपालखात्याने पिनकोड सुरू केला. श्रीराम भिकाजी वेलणकर या अधिकाऱ्यांनी तो तयार केला. संस्कृतचे मोठे पंडित, बरं का!

जळगावचा पिन ४२५००१. पहिला ४ पश्चिम विभागाचा. महाराष्ट्र त्यातच येतो. पहिल्या तीन आकड्यांवरून टपालाची छाटणी होते. शेवटचे तीन टपालकचेरीचे. धुळ्याचा पिन ४२४००१.

आता गंमत पाहा. चाळीसगावचा जिल्हा जळगाव, पण पिन ४२४१०१. शिरपूर धुळे जिल्ह्यात, पण पिन ४२५४०५! पिन टपालाच्या वाटेने चालतो, जिल्ह्याच्या हद्दीने नव्हे. म्हणून अंदाजाने लिहू नका, पोस्टमनला विचारा. एकाच पिनमध्ये पुष्कळ गावे असतात, तेव्हा गाव, पोस्ट, तालुकाही लिहा.