वैशाखातील फुलझाडे

वैशाख लागला की बागेची हौस असलेल्या माणसाचा धीर सुटू लागतो. हिरवळ करपलेली, विहिरीने तळ गाठलेला आणि नळाला पाणी घटकाभर. अशा दिवसांत फूल ते कसले दिसणार, असे कोणासही वाटावे. परंतु मोगरा, अनंत, मधुमालती आणि बोगनवेल यांना बहर येतो तो याच दिवसांत! यात चमत्कार काही नाही. प्रत्येक झाडाची पाण्याची रीत निराळी असते. ती ओळखली की आपल्या निम्म्या तक्रारी मिटतात.

"आमचा मोगरा नुसता पानांनी माजतो, फूल धरीत नाही," ही तक्रार नेहमीची. याचे कारण बहुधा आपली अवेळी माया हेच असते. मोगऱ्याची कळी नव्या फुटीच्या शेंड्यावर धरते. आणि नवी फूट जोमाने यावयाची तर झाडाला आधी विश्रांती हवी. म्हणून थंडीत पाणी तोडावे, बुंध्याभोवतालची माती हलक्या हाताने उकरावी, पौष-माघात जुन्या फांद्या छाटाव्यात आणि मग कुजलेले शेणखत घालून पाणी पुन्हा सुरू करावे. झाड मात्र भर उन्हात हवे; सावलीतला मोगरा रुसतो.

बोगनवेल मूळची ब्राझीलची. १७६७ साली कोमेरसाँ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ती रिओ द जानेरो येथे गोळा केली, आणि सफरीचा नायक बूगँव्हील याचे नाव तिला मिळाले. आपण जिला फूल म्हणतो ती खरोखर रंगीत पाने होत. खरे फूल म्हणजे मधली इवलीशी पांढरी नळी. मुळे रुजली की ही वेल कोरड्या जमिनीतच अधिक फुलते.

मधुमालतीचा घोस तिन्हीसांजेला पांढरा उमलतो, मग गुलाबी, शेवटी लाल होतो. पांढरा रंग आणि सुगंध हे रात्रीच्या लांब सोंडेच्या पतंगांना आमंत्रण असते.

अनंताचे मात्र उलट. त्याची माती वाळली की कळ्या गळतात, आणि चुनखडीच्या जमिनीत पाने पिवळी पडतात. तेव्हा घरात एकच बादली उरली असेल, तर ती बोगनवेलीला न घालता अनंताला घालावी.

शेवटी एक गोष्ट. दुहेरी मोगऱ्याला आपल्याकडे सहसा बी धरत नाही. आपल्या अंगणातला मोगरा म्हणजे कोणाच्या तरी अंगणातल्या मोगऱ्याची फांदी. वाडा पाडून तेथे इमारत उभी राहते तेव्हा पन्नास वर्षांची जाळी एका दिवसात उखडली जाते, आणि तिचे बीही मागे राहत नाही. म्हणून पावसाळ्याच्या तोंडी वीतभर लांबीच्या दोन काड्या कापून ओल्या मातीत खोचाव्यात. एक आपल्या कुंडीत, दुसरी शेजाऱ्याच्या. आपली सुकली, तर शेजारी मागावयास जागा राहते.