दूरध्वनीवरील कृषिसल्ला आणि त्यामागील नोंदवही

शेतकऱ्यास सल्ला वेळेवर मिळणे हे बियाणे व खते वेळेवर मिळण्याइतकेच महत्त्वाचे आहे. आता असा सल्ला दूरध्वनीवरूनही मिळू शकतो. केंद्र शासनाची किसान कॉल सेंटर ही सेवा २१ जानेवारी २००४ रोजी सुरू झाली. तीत शेतकऱ्यांच्या शंकांना जाणकार माणसे उत्तरे देतात. याखेरीज, कळा दाबून ध्वनिमुद्रित माहिती ऐकविणाऱ्या आवाजी यंत्रणाही अनेक ठिकाणी वापरात आहेत. अशा यंत्रणेचा उपयोग तिच्यातील आवाजापेक्षा तिच्यामागील नोंदी किती ताज्या आहेत यावर अधिक अवलंबून असतो.

यंत्रणा कशी चालते ?

दूरध्वनीची कळ दाबली असता दोन निरनिराळे स्वर एकाच वेळी निघतात. उदाहरणार्थ, १ ही कळ दाबल्यास दर सेकंदास ६९७ व १२०९ आवर्तनांचे स्वर उत्पन्न होतात. या जोडीवरून यंत्रणा आकडा ओळखते आणि संगणकातील तक्त्यांत त्याचा अर्थ शोधते. या तक्त्यांच्या संग्रहास डेटाबेस म्हणतात. कोणत्या टप्प्यावर कोणती कळ दाबल्यास कोणते ध्वनिमुद्रण वाजवावे, ते कोणत्या भाषेतील असावे, कार्यालयाची वेळ कोणती, सुट्ट्या कोणत्या, आणि अधिकाऱ्याशी बोलावयाचे असल्यास कोणत्या क्रमांकाकडे जोडून द्यावे, हे सर्व तेथे नोंदलेले असते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. ध्वनिमुद्रण निराळे व तक्त्यातील नोंद निराळी. "कापसासाठी ३ दाबा" असे ध्वनिमुद्रणात सांगितले आणि तक्त्यात ३ या आकड्यापुढे तूर असली, तर कापूस उत्पादकास तुरीची माहिती ऐकावी लागते. जे ध्वनिमुद्रण काढून टाकलेले आहे त्याचेच नाव तक्त्यात राहिले, तर काहीच ऐकू येत नाही.

शिळ्या नोंदीचा धोका

छापील पत्रकावर तारीख असते व कागद जुना झाल्याचे डोळ्यांना दिसते. ध्वनिमुद्रणाचे वय मात्र ऐकणाऱ्यास कळत नाही. दोन वर्षांपूर्वीचा आवाजही आजच्यासारखाच स्पष्ट येतो. खरा धोका येथेच आहे.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज सोयाबीनची पेरणी करू नये, अशी शिफारस आहे. गतवर्षी जूनअखेर "पुरेसा पाऊस झाला आहे, पेरणी करावी" असा संदेश योग्यच होता. तो न काढता तसाच राहिला आणि यंदा पहिल्या सरीनंतर कोणी तो ऐकून पेरणी केली, तर पावसाने ओढ देताच त्याच्यावर दुबार पेरणीचे संकट येते. बियाणे, मजुरी व हंगाम, तिन्हींचे नुकसान होते.

कीटकनाशकांच्या बाबतीत ही चूक अधिकच गंभीर ठरते. केंद्र शासनाच्या २०१८ सालच्या आदेशानुसार फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस व फॉस्फामिडॉन यांच्या वापरावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आली. त्यापूर्वी मुद्रित केलेल्या सल्ल्यात यांपैकी एखादे नाव असेल, तर तो सल्ला त्या दिवसापासून बंद होणे आवश्यक होते.

नोंदी बदलण्याची रीत

गावी जमिनीच्या हक्कात बदल झाला की सात-बारा उताऱ्यावर एकदम खाडाखोड होत नाही. प्रथम फेरफार नोंदवहीत नोंद होते, ती प्रमाणित होते आणि मगच उतारा बदलतो. हीच शिस्त येथेही पाळावयास हवी.

(१) बदल करण्यापूर्वी सर्व तक्त्यांची प्रत काढून ती निराळ्या ठिकाणी सुरक्षित ठेवावी.

(२) नवे ध्वनिमुद्रण प्रथम तयार करावे व विषयतज्ज्ञाकडून तपासून घ्यावे. त्यास नवे नाव द्यावे. जुन्यावर मुद्रित करू नये. दूरध्वनीवर सात, साठ व आठ यांत सहज घोटाळा होतो. म्हणून औषधाचे प्रमाण सावकाश व दोनदा सांगावे.

(३) प्रत्येक नोंदीस प्रारंभाची व समाप्तीची तारीख द्यावी. मुदत संपताच संदेश आपोआप बंद व्हावा आणि अधिकाऱ्याशी बोलण्याचा मार्ग सांगितला जावा. चुकीच्या सल्ल्यापेक्षा सल्ला नसणे बरे.

(४) बदल आधी यंत्रणेच्या निराळ्या प्रतीवर करून पाहावा.

(५) प्रत्यक्ष बदल रात्री, दूरध्वनी कमी येतात अशा वेळी करावा. परस्परांशी संबंधित नोंदी एकाच व्यवहारात बदलाव्यात, म्हणजे एक तर सर्व बदल लागू होतात, नाही तर एकही होत नाही. अर्धवट बदल सर्वांत घातक असतो.

(६) काही यंत्रणा सुरू होतानाच तक्ते वाचून घेतात. त्यांना तक्ते पुन्हा वाचावयास लावले नाही, तर बदल होऊनही जुनाच संदेश चालू राहतो.

(७) शेवटी साध्या दूरध्वनीवरून प्रत्येक कळ दाबून पाहावी. चुकीची कळ दाबल्यास व कोणतीच कळ न दाबल्यास काय होते, हेही तपासावे. कोणी, केव्हा व कशासाठी बदल केला याची नोंद ठेवावी. दोष आढळल्यास सुरक्षित ठेवलेल्या प्रतीवरून पूर्वस्थिती आणावी.

बदल केव्हा करावेत ?

हवामानावर आधारित कृषिसल्ला मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. त्याचा संदेश त्याच दिवशी बदलावा. पिकांचे संदेश खरीप, रब्बी व उन्हाळी हंगामांच्या आरंभी तपासावेत. अधिकाऱ्याची बदली झाल्यास दूरध्वनी क्रमांक तत्काळ दुरुस्त करावा. बंदीचे आदेश मात्र हंगामाची वाट पाहत नाहीत.

शेतकरी बंधूंचेही या कामी साहाय्य होऊ शकते. ऐकलेला सल्ला हंगामाशी विसंगत वाटल्यास त्यावर लगेच अंमल न करता कृषी सहायकास विचारावे, आणि कोणत्या दिवशी कोणत्या कळा दाबल्या ते सांगावे. एवढ्या माहितीवरून चुकीची नोंद नेमकी सापडते. एका शेतकऱ्याने वेळीच दिलेली सूचना त्याच्यामागून दूरध्वनी करणाऱ्या अनेकांचे नुकसान टाळू शकते.